औषधांच्या यादीमागच्या खुर्च्यांवर कोण बसतं? सरकारी आरोग्य विमा आणि औषध मंडळांच्या नेमणुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. परभणी जिल्ह्यात बरीच वर्षं मेडिकल दुकानाच्या काउंटरमागं उभा राहिलो, आता बी. फार्म.च्या मुलांना शिकवतो. सेलू, वसमत, अंबाजोगाई, लातूर अशा ठिकाणी आशाताई आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या बैठकांना गेलो की तेच तेच प्रश्न येतात. अमेरिकेत नोकरीला गेलेले माझे विद्यार्थी तिकडच्या मंडळांबद्दल सांगतात, मग इथली मुलं विचारतात, आपल्याकडं असं का नाही? ती सगळी उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

औषध आढावा मंडळ म्हणजे नेमकं काय?

सरकारी विमा योजना गोळ्या-औषधांचे पैसे भरू लागली की दोन गोष्टी कुणीतरी ठरवाव्या लागतात. कोणत्या औषधाचे पैसे भरायचे, आणि दिलेली औषधं नीट वापरली जातात का. हे ठरवायला बसवलेली डॉक्टर-फार्मासिस्टांची समिती म्हणजे औषध आढावा मंडळ.

या प्रकारचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतल्या मेडिकेडचं. गरीब कुटुंबांसाठीची ही योजना १९६५ मध्ये सुरू झाली. पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात, कारभार राज्य करतं. १९९० च्या एका केंद्रीय कायद्यानं प्रत्येक राज्याला औषधवापराचा आढावा घेणारी व्यवस्था १ जानेवारी १९९३ पर्यंत उभी करायला लावली. त्यासाठी प्रत्येक राज्यात ड्रग युटिलायझेशन रिव्ह्यू बोर्ड असतं, थोडक्यात डीयूआर बोर्ड.

या व्यवस्थेचं काम तीन ठिकाणी चालतं. रुग्ण दुकानात आला की औषध हातात देण्याआधी दोन औषधांची टक्कर होते का, मात्रा जास्त आहे का, हे तपासायचं. नंतर महिन्या-महिन्यांची बिलं चाळून कोण किती प्रतिजैविकं लिहितो, एकाच रुग्णाला चार डॉक्टरांकडून तीच वेदनाशामक गोळी जाते का, हे शोधायचं. आणि जिथं चूक दिसते तिथल्या डॉक्टरला, फार्मासिस्टला पत्र पाठवून किंवा समोर बसून समजावायचं. या तपासणीचे निकष मंडळ ठरवतं.

आपल्या महात्मा फुले योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये असं मंडळ आहे का?

अगदी असं नाही, आणि त्याचं कारण योजनेच्या बांधणीतच आहे.

२ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मराठवाड्यातून नांदेड होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं, आणि १ एप्रिल २०२० पासून ती आयुष्मान भारतबरोबर जोडून चालवली जाते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना तिच्यात आधीच जागा मिळाली होती, कारण आपले जिल्हे अवर्षणग्रस्त चौदा जिल्ह्यांच्या यादीत होते. पुढं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं.

पण या योजना मुळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. उपचाराचं एक पॅकेज ठरतं आणि औषधाचा खर्च त्या पॅकेजच्या पोटात असतो. कोणती गोळी, किती दिवस, याचा वेगळा हिशेब विमा योजना ठेवत नाही. ओपीडीत लिहून दिलेलं महिन्याचं औषध त्यात सहसा येत नाही.

सेलू तालुक्यातले एक काका माझ्या ओळखीचे. योजनेतून त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक रुपया लागला नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी पुढं वर्षभर चालू ठेवायची होती. तिसऱ्या महिन्यात दुकानात आले आणि म्हणाले, "भाऊ, यातल्या दहाच द्या, बाकीच्या कापूस विकल्यावर नेतो." मी महिन्याच्या दिल्या, पैसे सावकाश द्या म्हणालो. पण अशा किती जणांना दुकानदार पुरणार? घरी घ्यायच्या गोळीचा बहुतेक खर्च योजनेबाहेरच राहतो, म्हणून त्या गोळीचा विचार करणारं मंडळही नाही. मला विचाराल तर आपल्या योजनांमधली सर्वांत दुखरी जागा हीच आहे.

मग आपल्याकडं औषधांची यादी कोण ठरवतं?

एकच मंडळ नाही, काम वाटलेलं आहे.

राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालय काढतं. पहिली यादी १९९६ ची. त्यानंतर २००३, २०११, २०१५ आणि २०२२ मध्ये ती बदलली. १३ सप्टेंबर २०२२ ला आलेल्या यादीत ३८४ औषधं आहेत. ३४ नवी आली, २६ गळली. ही यादी सुचवायला मंत्रालयानं २०१८ मध्ये औषधांसाठीची स्थायी राष्ट्रीय समिती नेमली. तिचे सदस्य मंत्रालयाच्या आदेशानं येतात. तिथं निवडणूक नसते. संशोधन संस्था, मोठी सरकारी रुग्णालयं, औषधशास्त्राचे प्राध्यापक यांतून माणसं घेतली जातात.

यादीतल्या औषधाची कमाल किंमत ठरवते एनपीपीए, म्हणजे राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण. ते १९९७ मध्ये स्थापन झालं. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के धरायचे, असं सूत्र आहे. महागडं औषध किंवा यंत्र पैशाच्या मानानं किती गुण देतं, याचा अभ्यास २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाखाली होतो. आयुष्मानची पॅकेजं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ठरवतं, आणि आपल्या राज्यात योजना चालवते राज्य आरोग्य हमी सोसायटी.

कायद्यानं सदस्यांची रचना शब्दाशब्दात लिहून ठेवलेलं मंडळ म्हणजे औषध तांत्रिक सल्लागार मंडळ. त्याबद्दल पुढं सविस्तर.

अमेरिकेत डीयूआर बोर्डाचे सदस्य कसे नेमतात?

केंद्राचा कायदा चौकट देतो, माणसं राज्य निवडतं. चौकट अशी: मंडळात प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणारे, परवानाधारक डॉक्टर किमान एक तृतीयांश हवेत, पण ५१ टक्क्यांहून जास्त नकोत. प्रत्यक्ष काम करणारे, परवानाधारक फार्मासिस्ट किमान एक तृतीयांश हवेत. शिवाय औषध योग्य रीतीनं लिहिणं, योग्य रीतीनं देणं आणि रुग्णावर लक्ष ठेवणं, औषधवापराचा आढावा, वैद्यकीय गुणवत्ता, अशा विषयांतलं मान्य ज्ञान सदस्यांकडं असलं पाहिजे.

बारा जणांचं मंडळ धरा. डॉक्टर चारपेक्षा कमी चालणार नाहीत आणि सहापेक्षा जास्तही नाहीत. फार्मासिस्ट किमान चार. सहा डॉक्टर आणि चार फार्मासिस्ट घेतले तरी दोन खुर्च्या उरतात. तिथं कुणाला बसवायचं, हे राज्यावर. कुठं परिचारिका असते, कुठं रुग्णांची प्रतिनिधी, कुठं आणखी फार्मासिस्ट.

मेडिकेडची पैसे भरण्याची यादी करणारी समिती याच कायद्यात वेगळी सांगितली आहे. तिच्यात डॉक्टर, फार्मासिस्ट आणि इतर योग्य व्यक्ती असाव्यात आणि त्यांना राज्याच्या गव्हर्नरनं नेमावं, किंवा राज्याची इच्छा असेल तर डीयूआर बोर्डानंच ते काम करावं. इथं मुलांचा नेहमी घोटाळा होतो. तिकडचा गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नसतो. तो लोकांनी निवडून दिलेला राज्याचा प्रमुख असतो, अधिकारानं आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.

टेक्सासनं दोन्ही कामं एकाच मंडळाकडं दिली आहेत. तिथं नेमणूक आरोग्य विभागाचा कार्यकारी आयुक्त करतो. किमान १७ डॉक्टर आणि फार्मासिस्ट, मेडिकेडच्या लाभार्थ्यांची बाजू मांडणारी एक व्यक्ती, आणि विमा चालवणाऱ्या कंपन्यांचे दोन प्रतिनिधी अशी तिथली रचना. त्या दोघांना बसायला मिळतं, बोलायला मिळतं, मत देता येत नाही. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. ज्याच्या खिशाशी निर्णयाचा संबंध आहे त्याचं ऐकून घ्यायचं, पण हात वर करायचा हक्क त्याला द्यायचा नाही.

तिथं सदस्य व्हायला अर्ज करता येतो का?

बऱ्याच राज्यांत येतो. जागा रिकामी झाली की विभाग तसं जाहीर करतो. डॉक्टरांच्या, फार्मासिस्टांच्या संघटना नावं सुचवतात, काही जण स्वतःहून माहितीपत्र पाठवतात. परवाना पाहिला जातो, हितसंबंधांचा फॉर्म भरून घेतला जातो आणि मग आदेश निघतो. इंग्लंडमध्ये नाइस ही संस्था १९९९ पासून औषधांचं मूल्यमापन करते. तिच्या समित्यांच्या जागा जाहिरात देऊन भरतात, आणि डॉक्टर नसलेल्या सामान्य सदस्यांच्याही.

डॉक्टर ५१ टक्क्यांहून जास्त का नकोत? औषध तर डॉक्टरच लिहितो.

म्हणूनच. लिहिणाऱ्याच्या सवयीची तपासणी लिहिणाऱ्यांच्याच बहुमताकडं गेली तर ती सैल पडते. फार्मासिस्टसमोर वेगळी बाजू येते. रुग्ण तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या घेऊन येतो तेव्हा त्या तिन्ही एकत्र फक्त फार्मासिस्टच बघतो. एका चिठ्ठीत रक्तदाबाची गोळी, दुसरीत तीच गोळी वेगळ्या नावानं, तिसरीत सूज उतरायची गोळी. काउंटरवर हे मी आठवड्यातून दोनदा तरी पाहिलेलं आहे. आपल्याकडं फार्मासिस्टला गोळ्या मोजून देणारा समजतात. ही समजूत जोवर आहे तोवर समित्यांमध्येही त्याला शेवटच्या खुर्चीवर बसवलं जाणार.

"प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणारे" ही अट कशासाठी?

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. कोकणात महाडला काम करताना विंचूदंशानं माणसं, विशेषतः लहान मुलं, डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली. रक्तदाबासाठी वापरायचं प्राझोसिन विंचूदंशात जीव वाचवू शकतं, हे त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून, नोंदी ठेवून दाखवलं. जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांनी ते छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचू उन्हाळ्यात पऱ्हाट्यांच्या ढिगाऱ्यात, दगडी गोठ्यात चावतो. राजधानीतल्या वातानुकूलित वॉर्डात तो रुग्ण कधी दिसत नाही. औषधांच्या यादीवर बसणाऱ्यांत तालुक्याच्या गावात रुग्ण तपासणारं कुणीतरी असावं, असं मी हट्टानं म्हणतो ते यासाठी.

भारतातल्या औषध तांत्रिक सल्लागार मंडळावर कोण असतं आणि त्यांना कोण नेमतं?

हे विम्याचं मंडळ नाही, हे आधी लक्षात घ्या. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ५ खाली ते केंद्र आणि राज्यांना तांत्रिक सल्ला देतं. पण नेमणुकीची पद्धत शिकायला यासारखं उदाहरण नाही, कारण त्यात तीन वाटांनी माणसं येतात.

पहिली वाट पदसिद्ध. असे आठ जण. आरोग्य सेवा महासंचालक हे अध्यक्ष. भारताचे औषध नियंत्रक, कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेचे, कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेचे, इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेचे आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे संचालक, शिवाय वैद्यक परिषद (२०२० मध्ये तिची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगानं घेतली, कायद्यात मात्र परिषदेचं नाव आहे) आणि फार्मसी परिषद यांचे अध्यक्ष. पद गेलं की मंडळावरची खुर्चीही जाते.

दुसरी वाट केंद्र सरकारनं नेमायची. राज्यांमध्ये औषध नियंत्रणाचं काम पाहणाऱ्यांपैकी दोघं, औषध उद्योगातून एक, आणि सरकारी विश्लेषकांपैकी दोघं.

तिसरी वाट निवडून येण्याची, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. फार्मसी परिषदेची कार्यकारी समिती फार्मसीच्या शिक्षकांतून एकाला निवडते. हा शिक्षक विद्यापीठातला किंवा संलग्न महाविद्यालयातला चालतो, म्हणजे नांदेडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातला प्राध्यापकही कायद्यानं पात्र आहे. वैद्यक परिषद वैद्यकाच्या शिक्षकांतून एक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद एक औषधशास्त्रज्ञ, इंडियन मेडिकल असोसिएशन एक, इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन एक. असे पाच.

आठ, पाच आणि पाच मिळून अठरा. नेमलेल्या आणि निवडलेल्यांची मुदत तीन वर्षं, पुन्हा येता येतं. या अठरांत रुग्णांची बाजू मांडणारं एकही माणूस कायद्यानं बंधनकारक नाही. १९४० चा विचार म्हणून मी ते समजू शकतो. आज ते बदलायला हवं.

मंडळाला विचारलं नाही किंवा नीट बसवलं नाही, तर बिघडतं काय?

१० मार्च २०१६ ला केंद्रानं ३४४ मिश्र औषधांवर, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधं घातलेल्या उत्पादनांवर, बंदी घातली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयानं बंदी उठवली. मुख्य मुद्दा हाच होता की या सल्लागार मंडळाला विचारात घेतलं नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण याच मंडळाकडं नव्यानं तपासायला पाठवलं. मंडळानं उपसमिती नेमली, डॉ. नीलिमा क्षीरसागर तिच्या अध्यक्ष होत्या. शेवटी ७ सप्टेंबर २०१८ ला ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली.

मधली अडीच वर्षं ती औषधं वादातच राहिली. दुकानदार म्हणून तो काळ मी अनुभवला आहे. आज परत पाठवा, उद्या विकली तरी चालतील, परवा पुन्हा थांबवा. सल्ला योग्य मंडळाकडून, योग्य वेळी घेतलेला असला की निर्णय कोर्टात टिकतो.

सदस्यांचे औषध कंपन्यांशी संबंध असले तर?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. सदस्याला ज्या कंपनीकडून व्याख्यानाचं मानधन मिळतं त्याच कंपनीचं औषध समोर आलं, तर माणूस कितीही सज्जन असो, तराजू हलतो. रोज येणारा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, ओळखीचा होतो, मुलाच्या लग्नाला येतो. मी त्यात वाईट माणसं फार पाहिली नाहीत, ओझ्याखाली आलेली चांगली माणसं पाहिली आहेत. म्हणून नियम कागदावर हवा.

नियम साधारण तीन पायऱ्यांचा असतो. नेमणुकीआधी सगळे संबंध लिहून द्यायचे: शेअर, सल्लागारी, प्रवासखर्च, संशोधनाचा पैसा, घरातल्यांची नोकरी. प्रत्येक बैठकीला ते पुन्हा सांगायचे. आणि संबंध असलेला विषय आला की उठून बाहेर जायचं, मत द्यायचं नाही. टेक्सासचा कायदा तर मत देणाऱ्या सदस्याचा औषध उत्पादकाशी करार किंवा मालकीहक्क नसावा असंच सांगतो. ऑस्ट्रेलियात सरकारी औषध यादीसाठी शिफारस करणाऱ्या समितीत मात्र औषध उद्योगानं सुचवलेली व्यक्ती उघडपणे घेतात. त्यामागचा विचार असा की उद्योगाला मागच्या दारातून येण्यापेक्षा समोर नाव लावून बसवावं.

अमेरिकेत २०१० च्या कायद्यानं कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेला पैसा जाहीर करणं बंधनकारक केलं, आणि २०१४ पासून तो कुणालाही नावानिशी पाहता येतो. २०१८ मध्ये तिथल्या पत्रकारांनी ही माहिती आणि मेडिकेडच्या औषध समित्यांवरची नावं शेजारी ठेवली, तेव्हा अनेक सदस्य डॉक्टरांनी कंपन्यांकडून लाभ घेतल्याचं दिसलं. माहिती उघडी होती म्हणून ते दिसलं. आपल्याकडं १२ मार्च २०२४ ला औषध विपणनाची नवी एकसमान संहिता आली, भेटवस्तू आणि सहलींना तिनं मनाई केली. पण कोणत्या डॉक्टरला किती मिळालं हे नावानिशी पाहायची सोय रुग्णाला नाही.

रुग्णांचा प्रतिनिधी घेतात का?

अमेरिकेचा केंद्रीय कायदा सक्ती करत नाही, काही राज्यं करतात. ऑस्ट्रेलियात १९५३ च्या कायद्याखाली औषध लाभ सल्लागार समिती आहे, आणि तिनं शिफारस केल्याशिवाय मंत्र्यालाही औषध सरकारी यादीत घालता येत नाही. तिथं ग्राहकांच्या बाजूचा सदस्य असावाच लागतो.

आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे कामगार विमा. वाळूज, चिकलठाण्याच्या कामगारांच्या पगारातून ज्याची वर्गणी जाते तोच. १९४८ च्या कायद्यानं महामंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येनं ठेवले, आणि वैद्यकीय लाभ परिषदेवर तीन-तीन. त्या परिषदेवरच्या वैद्यकीय व्यावसायिकांच्या तीन जागांपैकी निदान एक स्त्रीला, असंही लिहून ठेवलं. वर्गणी भरणाऱ्याला खुर्ची, हे तत्त्व या देशात तेव्हापासून मान्य आहे. मग कर भरणाऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या योजनेत ते का नसावं?

मराठवाड्यातलं कुणी नसलं तर काय फरक पडतो? औषध तर सगळीकडं तेच.

आजार तेच असतील, जगणं तेच नाही. बीडच्या ऊसतोड महिलांचं उदाहरण शस्त्रक्रियेचं आहे, पण इथं ते सांगावंच लागेल. २०१९ मध्ये राज्यानं विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. वर्षानुवर्षं हे चालू होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं, कोणत्याही आढाव्यात ते आलं नव्हतं. वापराचा आढावा नियमित घेतला असता आणि घेणाऱ्यांत ऊसतोडीचं जगणं ओळखणारी एक बाई असती, तर तो आकडा इतका वाढेपर्यंत थांबावं लागलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

तोडीला सहा महिने कारखान्यावर गेलेल्या मधुमेही माणसाला महिन्याला येऊन औषध न्या म्हणून चालत नाही. पालावर फ्रिज नाही, तिथं इन्सुलिन कसं ठेवायचं? समितीत हे विचारणारा हवा.

सदस्यांना पगार मिळतो का?

नाही. बैठकीचा भत्ता आणि प्रवासखर्च इतकंच बहुतेक ठिकाणी.

मंडळ माझ्या आईचं चालू औषध बंद करू शकतं का?

मेडिकेडमध्ये मंडळ शिफारस करतं, अंमल राज्याचा विभाग करतो. एखाद्या औषधाला आधी मंजुरी लागेल असं ठरलं, तर विभागानं २४ तासांत उत्तर द्यायचं आणि तातडी असेल तर निदान ७२ तासांचं औषध द्यायचं, ही केंद्रीय कायद्याची अट आहे.

यादीत नाव आहे म्हणजे सिव्हिलमध्ये औषध मिळेलच ना?

नाही. यादी करणारे वेगळे, खरेदी करणारे वेगळे. राज्यात आधी हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत खरेदी व्हायची. २०२३ च्या कायद्यानं महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. त्याच वर्षी ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. औषधं कमी होती का, यावर वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि खरेदी प्राधिकरणाच्या पूर्णवेळ प्रमुखाचा मुद्दा तिथं निघाला. खुर्ची रिकामी ठेवणं हाही एक निर्णय असतो, आणि त्याची किंमत वॉर्डात मोजली जाते. "बाहेरून आणा" हे दोन शब्द आपल्याकडं कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

एखाद्या समितीवर कोण आहे हे मला कसं कळेल?

माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ वाचा. त्यातल्या पोटकलम १, खंड ख, मुद्दा आठनुसार प्रत्येक कार्यालयानं आपली मंडळं, समित्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्तं पाहता येतात का, हे न मागता जाहीर करायचं असतं. आधी संकेतस्थळ पाहा. नसेल तर अर्ज करा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. असं लिहा:

"आपल्या कार्यालयानं औषध निवड किंवा औषध वापराबाबत नेमलेल्या समितीचा सध्या लागू असलेला शासन निर्णय किंवा आदेश, सदस्यांची नावं व पदं, नेमणुकीची मुदत, सदस्यांनी दिलेली हितसंबंधांची घोषणापत्रं आणि मागील तीन बैठकांची इतिवृत्तं यांच्या प्रती मिळाव्यात."

"का नेमलं", "योग्य आहे का" असं विचारू नका. कागद मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, आणि तिथंही अडलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं. आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे, मुंबईला जावं लागत नाही.

योजनेच्या रुग्णालयात औषधाचे पैसे मागितले तर?

पावती घ्या आणि तिथल्या आरोग्यमित्राला लगेच सांगा. आयुष्मानची मदतवाहिनी १४५५५, महात्मा फुले योजनेची १५५३८८. तक्रार नोंदली की क्रमांक लिहून ठेवा. त्यापुढं जिल्हा पातळीवर तक्रार निवारण समिती असते. दाखल असतानाच तक्रार करा, घरी गेल्यावर कागद गोळा करणं अवघड होतं.

मला स्वतःला कुठल्या समितीत बसता येईल?

सुरुवात रुग्ण कल्याण समितीपासून करा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये आलं, तेव्हापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत या समित्या आहेत. लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांची माणसं त्यात असतात, आणि समितीकडं थोडा का होईना खर्चाचा निधी असतो. अडीनडीला औषध खरेदीचा विषय तिथं येतो. उपकेंद्राच्या पातळीवर जन आरोग्य समिती आहे. मी ज्या ज्या गावात विचारलं तिथं बहुतेकांना आपल्या समितीवर कोण आहे हे सांगता आलं नाही. एका गावात तर सदस्य असलेल्या बाईंनाच आपण सदस्य आहोत हे माझ्यासमोर यादी वाचताना कळलं. पुढच्या बैठकीला त्या गेल्या. त्यांनी साप चावल्यावर द्यायच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत एवढंच विचारलं, आणि रजिस्टर मागवावं लागलं.

तुमच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडं सदस्यांची यादी आणि पुढच्या बैठकीची तारीख मागा. बहुतेक वेळा तेच सदस्य सचिव असतात.